पेवाची पावती

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

आत्तीनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं जरा रागानं बघितलं आणि पुन्हा कानाला लावून मोठ्यानं म्हणाली, "सिलिंडर पायजे. शि-लिं-डर!" पलीकडची बाई, म्हणजे यंत्रच ते, तशीच गोड राहिली. माफ करा, मला समजलं नाही. तिसऱ्यांदा आत्तीनं हेल बदलून बघितला, चौथ्यांदा नुसतं "पायजे" म्हणून बघितलं. शेवटी फोन माझ्या हातात आला. मी म्हटलं, "सिलिंडर पाहिजे." एका दमात काम झालं. आपली मागणी नोंदवली आहे, धन्यवाद. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं. परक्यांच्या लग्नात यजमानांनी आपल्यालाच ओळखावं आणि शेजारी बसलेल्या थोरल्या माणसाकडं बघूही नये, तसं. आत्ती पदराला हात पुसत म्हणाली, "माझाच आवाज घिऊन गेल्यात की गं दोन वर्सांमागं. आन् आता मलाच म्हणतंय, समजलं न्हाई." एवढं बोलून ती चहाला आधण ठेवायला गेली. तिच्या लेखी विषय संपला होता.

ती आवाजाची गोष्ट मला माहीत होती, पण विसरल्यासारखी झाली होती. सांगलीजवळच्या हरिपुरात बचत गटाच्या बायकांना गोळा करून एका शहरी पोरानं देवळाच्या मंडपात दोन दिवस काम केलं होतं. पोरगं गोड होतं म्हणे, चहा घेतला, बायकांना मावशी-मावशी केलं. फोनवर एकेक वाक्य यायचं, ते मोठ्यानं वाचायचं. "आज हवामान स्वच्छ राहील." आत्ती सातवी शिकलेली, वाचायला कुठं अडत नाही, पण तोंडातून "ऱ्हाईल" गेलं की पडद्यावर लाल फुली. पुन्हा वाचा. दुसरं वाक्य, पुन्हा फुली. संध्याकाळपर्यंत ती छापल्यासारखं बोलायला शिकली. मंजूर झालेल्या वाक्यांचेच पैसे होते. सहाशे आणि वर काही रुपये खात्यावर आले. दुसऱ्या दिवशी वाचायचं नव्हतं, मनानं बोलायचं होतं. 'घरातल्या एखाद्या पारंपरिक कामाबद्दल सांगा' असं काहीतरी. मग आत्ती सुटली. हळद कशी शिजवायची ते तिनं सांगितलं. काहिलीत पाणी किती, जेठे गड्डे वेगळे का काढायचे, वर पाला झाकून जाळ कसा एकसारखा ठेवायचा, फेस आला की वास कसा बदलतो, आणि हळकुंडात काडी अलगद गेली की तेवढ्यात उतरायचं, नाहीतर आतून काळं पडतं. तीन तास सगळे मिळून. सुरुवातीला एक इंग्रजी पान आलं होतं, त्याच्या तळाच्या चौकटीवर बोट ठेवायचं होतं. ठेवलं.

आता ते यंत्र आणि हे सिलिंडरचं यंत्र एकाच कुळातलं असेल असं मला म्हणता येत नाही. कदाचित आत्तीचा आवाज कुठल्या तिसऱ्याच कामाला लागला असेल, कदाचित कुठल्या डिस्कवर नुसता पडून असेल. कुठं गेला, कुणी घेतला, पुढं कुणाला विकला, हे विचारायलाही कुणी नाही. पोराचा नंबर बंद लागतो. खुपत राहिलं ते हेच.

हरिपूरला जाताना दुतर्फा चिंचेची जुनी झाडं लागतात, पुढं कृष्णा-वारणेचा संगम, आणि गावाच्या आजूबाजूला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं. आता बहुतेक बुजलेली. लहानपणी मला पेव उघडताना बघायला फार आवडायचं आणि तितकीच भीतीही वाटायची. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा आत जाईल इतकं. आत मात्र रांजणासारखं पोट. सारवून, पाला लावून, हळद भरून वरून फरशी आणि माती. आत हवा नाही म्हणून कीड नाही, आणि रंग उतरायच्या ऐवजी खुलत जातो. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. तासन्‌तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत जीव घेणारी हवा आहे. तळाशी पोचेपर्यंत ज्योत राहिली तर माणूस खाली. त्या वेळी वर जो वास यायचा, कोंडलेल्या हळदीचा, थोडा मातीचा, थोडा औषधी, नाकात झोंबणारा, तो मला अजूनही सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत कुठल्यातरी वळणावर अचानक भेटतो.

आमच्या आजोबांची चार पेवं होती. हळद त्यांची नव्हती. व्यापाऱ्यांची असायची, कधी कुणा मोठ्या बागायतदाराची. आजोबा फक्त सांभाळायचे, भाडं घ्यायचे आणि पावती द्यायचे. किती पोती, कुठल्या पेवात, कुणाची. हळद वर्षभर जमिनीत राहिली, दोन वर्षं राहिली, ती ज्याची त्याचीच. माझ्या घरात ठेवलीस म्हणून माझी झाली, असं आजोबा म्हणाले असते तर गावानं त्यांना त्याच पेवात घातलं असतं. गमतीनं नाही म्हणत. साठवणारा आणि मालक ही दोन वेगळी माणसं असतात, हे आमच्या घरात पोरांनाही न शिकवता कळत होतं.

मग आवाजाच्या बाबतीत ते उलटं कधी झालं?

अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटची गोष्ट आपण माशेलकरांच्या व्याख्यानांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून, व्हॉट्सॲपवरून इतक्यांदा ऐकली आहे की ती आता शिवाजी महाराज आग्र्याहून सुटल्याच्या गोष्टीसारखी झालीय: शेवटी आपण जिंकतो, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. १९९५ला मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं, भारतानं हरकत घेतली, १९९७ला ते रद्द झालं. पण त्या गोष्टीत एक जागा आहे तिथं मी दर वेळी अडखळते. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात, अमेरिकेबाहेर एखादी गोष्ट लोकांना माहीत आहे, लोक ती रोज करतात, एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. ती छापलेली असायला हवी होती. अमेरिकेतल्या माणसाला माहीत असलं तर ते ज्ञान. सांगलीतल्या माणसाला माहीत असलं तर ते छापून आणा. म्हणून ३२ संदर्भ शोधून काढावे लागले, त्यातले काही संस्कृत, हिंदी, उर्दूतले, शंभर वर्षांपेक्षाही जुने. माझ्या पणजीनं आत्तीच्या फुटलेल्या गुडघ्यावर चेपलेली हळद त्या खटल्यात हजरच नव्हती. आत्तीच्या गुडघ्यावर तो व्रण अजून आहे.

पुढं असे खटले पुन्हा लढायला लागू नयेत म्हणून सरकारनं २००१पासून पारंपरिक ज्ञानाचं एक डिजिटल ग्रंथालय उभं केलं. काम मोठं आहे, त्यानं पुष्कळ पेटंटं रोखली गेली, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. फक्त ते कुठल्या भाषांत आहे बघा: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी. बरोबरच आहे, वाचणारा परदेशी पेटंट कचेरीतला तपासनीस. उघडं ठेवलं तर चोरांना यादीच हातात दिल्यासारखं, म्हणून ते करार करून त्या कचेऱ्यांनाच दाखवायचं, असं तेव्हा ठरलं. कारण पटतं आणि तरी वाटतं, आपल्या घरातलं आपल्याला सांगायला लोक जपानीत बसले आणि मराठीत कुणी बसलं नाही.

मी स्वतः भाषांतरावर पोट भरते, म्हणून भाषांतर करणाऱ्या यंत्रांशी माझं रोजचं भांडण आणि रोजची सोयरीक आहे. पहिला खर्डा तेच करतं. मी त्यातले "आपल्या अनुभवाला पुढच्या स्तरावर न्या" उपटून काढते आणि अर्ध्या दरात काम देते. ते असं का बोलतं, याला कारण आहे. या यंत्रांना शिकवायला वेबवरच्या पानांचा जो प्रचंड खुला साठा वापरतात, कॉमन क्रॉल, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त पानं इंग्रजी आहेत. मराठीचा वाटा एका टक्क्याचा दहावा हिस्साही नाही. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होतो आपण. आणि गंमत म्हणजे, आपण कमी असल्याचा दंडही आपणच भरतो. यंत्र मजकूर तुकड्यांत मोडून वाचतं आणि तुकड्यांवर पैसे लावतं. इंग्रजी शब्द बहुतेक वेळा एका तुकड्यात मावतो. देवनागरीतल्या शब्दाचे दोन, चार, कधी त्याहून जास्त तुकडे पडतात. खाली, अगदी तळाशी, संगणक अक्षर साठवतो तिथंसुद्धा इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि आपल्या प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटीलाही, तीन. वडलांना हे सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "म्हणजे कडता." यार्डात हमाली, तोलाई, अडत कापून झाल्यावरही पोत्यामागं वजनात जी कपात धरायचे, ती. कुणी ठरवून लुबाडलं असं नाही. काटाच दुसऱ्याच्या मालासाठी बनवलेला.

परवा 'पेव' या शब्दाचं जुनं रूप बघायचं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आमच्या घरात नाही, कधी नव्हता. १८३१चा तो, नंतर १८५७ला वाढवलेला. शास्त्री-पंडितांनी वर्षानुवर्षं शब्द जमवले आणि नाव साहेबाचं लागलं. आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मी सांगलीत बसून शिकागोला विचारलं, हरिपूरच्या शब्दाचा अर्थ काय. उत्तर आलं, इंग्रजीत. मला कृतज्ञता वाटली, खरंच वाटली; ते नसतं तर मी कुठं जाणार होते? आणि त्याच क्षणी नाकाला मिरची लागल्यासारखं झालं. या दोन भावना माझ्यात एकमेकींना कापत नाहीत. शेजारी शेजारी बसून असतात, न बोलणाऱ्या जावांसारख्या.

भरपाई म्हटलं की आमच्याकडं पहिली आठवण पुराची. २००५ला पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, आणि पेवांचा धंदाही तिथंच बसला. उरलेला माल शीतगृहांत गेला. आजोबा नव्हते, पण त्यांची चोपडी होती, मोडीतली. घरात कुणाला वाचता येत नव्हती, तरी दरवर्षी दिवाळीला तिला हळदकुंकू लागायचं. तीही त्या पुरात लगदा झाली. २०१९ला पुन्हा पाणी आलं, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर, आणि आत्तीच्या घरात छतापर्यंत. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. भांडी, कपडे, धान्य, भिंत पडली का, जनावर गेलं का. आत्ती म्हणाली होती, मागच्या पुरात आमची चोपडी गेली ती कुठं लिहिता? पंचनामा करणारा माणूस वाईट नव्हता, दिवसभर चिखलात फिरून त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "मावशी, त्याला रकाना नाही."

ज्ञानाच्या भरपाईबद्दल मोठमोठे लोक लिहितात तेव्हा मला तो रकाना आठवतो. काय गेलं? हळद शिजवायची कृती गेली का? नाही, ती आत्तीला अजून येते. आवाज गेला का? तोही आहे, चांगला खणखणीत आहे. चोरी म्हणावी तर वस्तू जागेवर. आणि म्हणूनच मला भरपाईपेक्षा आजोबांचा शब्द बरा वाटतो: भाडं. माल ज्याचा त्याचाच, तुम्ही तो ठेवून घेतलात, त्यावर धंदा केलात, तर पावती द्या आणि भाडं मोजा. पेवात उलट होतं खरं, तिथं ठेवणारा भाडं द्यायचा आणि सांभाळणारा घ्यायचा. पण तिथं फायदा ठेवणाऱ्याचा होता. इथं फायदा कुणाचा, हे बघितलं की भाड्याची दिशा आपोआप फिरते. यात उपकार नाही, मदत नाही, पुरानंतर वाटायच्या चादरी नाहीत. थकबाकी आहे.

हे जगात कुठं कुणी करून बघितलंय का? न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला माओरी लोकांचं एक रेडिओ केंद्र आहे, त्याचं नाव 'ते हिकू मीडिया'. त्यांनी २०१८मध्ये आपल्या लोकांना हाक घातली आणि दहा दिवसांत माओरी बोलण्याचे तीनशेहून जास्त तास जमवले. ते तास त्यांनी मोठ्या कंपन्यांना दिले नाहीत. बोलणं ओळखणारं यंत्र स्वतः घडवलं, आणि परवान्याला नाव दिलं 'काइतिआकितांगा'. म्हणजे राखण. आपण मालक नाही, राखणदार आहोत. ज्याला वापरायचंय त्यानं विचारून, आणि फायदा या लोकांकडं फिरेल अशा बोलीवर. हे वाचलं तेव्हा मला आजोबा दिसले, हातात कंदील घेऊन पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले.

पण पावती असली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ते साताऱ्याला विचारावं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ला गादीवरून काढलं, आणि त्यांचा वकील रंगो बापूजी लंडनला गेला. हातात कंपनी सरकारशी झालेला १८१९चा तह होता, शिक्क्यानिशी. याहून पक्की पावती कुठली? चौदा वर्षं तो माणूस तिथल्या धुक्यात सभा घेत, पत्रकं छापत, दारं ठोठावत राहिला. तो तिथं असतानाच १८४७ला महाराज काशीला वारले आणि १८४८ला सातारा खालसा झाला. तो परत आला, मग सत्तावन्न झालं, तो नाहीसा झाला आणि त्याच्या मुलाला गेंडामाळावर मारलं. २०२४च्या पावसाळ्यात साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली तेव्हा आम्हीही रांगेत होतो. लोक काचेला हात लावून तोच हात छातीला लावत होते. ती वाघनखं तीच का, यावर लंडनचं संग्रहालय स्वतःच खात्री देत नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं: ती तीन वर्षांसाठी उसनी आलीत. बाहेर आल्यावर आत्तीनं विचारलं, "परत न्हेणार व्हय?" मी हो म्हटलं. "मग आपली कशी म्हणायची?"

इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख आजोबांची आरती होईल. पेवात उतरायचं कोण? आजोबा कंदील सोडायचे. दोरीला धरून खाली जायचे ते हमाल. कंदिलाचा अंदाज चुकला की काय व्हायचं, ते घरात हळू आवाजात बोलायचे. चोपडीत पोती होती, पेवं होती, व्यापारी होते. उतरणाऱ्यांची नावं तिच्यात असल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि आता ते बघायला चोपडीही उरली नाही. मोल्सवर्थच्या कोशाचं तेच: शास्त्र्यांची नावं निदान शोधून सापडतात, पण ज्या कुणब्यानं, ज्या कोळणीनं तो शब्द तोंडात जपला, तिचं काय? परक्यांकडं थकबाकी मागायला निघालं की वाटेत आपल्या घरातली देणी लागतात. त्यामुळं मागणं सोडावं असं नाही. पण आवाज जरा खाली येतो, हे खरं.

जात्यावरच्या ओव्यांचं जे काम हेमा राईरकर आणि गी पोत्व्हाँ यांनी उभं केलं, त्यातल्या ओव्या आता इंटरनेटवर ऐकता येतात. लाखभर ओव्या. त्या ऐकताना मला सगळ्यात काय आवडतं, तर ओवीखाली असतं ते. बाईचं नाव. गाव. तालुका. बास, एवढंच. त्या बायकांना त्यातून काय मिळालं हा प्रश्न राहतोच, पण निदान पेव कुणाचं आणि हळद कुणाची, हे कुणी पुसून टाकलेलं नाही.

मागच्या रविवारी हरिपूरला गेले तेव्हा आत्तीला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. नैरोबीच्या पोरांचंही सांगितलं, अशाच यंत्रांसाठी घाण मजकूर वाचून वेगळा काढायला त्यांना तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मिळत होते ते. ती अंगणात हळद निवडत होती. या वर्षीची, आपल्याच वाफ्यातली, घरापुरती. ऐकत होती की नाही कळेना. मधेच म्हणाली, "मी बोलले त्याचं काय कागुद-बिगुद?" म्हटलं, नाही. इंग्रजी पानावर बोट लावलंस तेवढंच, आणि तेही त्यांच्याकडं.

"पावती न्हाई?"

"नाही."

ती उठली. हात पिवळेच होते. आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली, दुधाचा हिशोब लिहितो ते पान. दोऱ्याला लटकणारं पेन घेतलं, झटकलं, दुधाच्या आकड्यांच्या खाली थोडी जागा होती तिथं सावकाश लिहायला लागली. मी मागून वाकून बघितलं. 'हळदीचं बोलणं. तास ३. पैकी ६०० व काही जमा. बाकी येणे.' 'येणे'चा णे तिनं आजोबांसारखाच, शेपूट लांब ओढून काढला होता. पेन सोडलं तर ते दोऱ्यावर हलत राहिलं, आणि पानाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता.